पेशंटचं ध्येय कसं ठरवायचं: वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी केअर प्लॅन

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या केअर प्लॅनमधला, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यातला, मूल्यमापनाचा रकाना वाचला, तर बहुतेक फाइलींत एकच वाक्य दिसतं: ‘ध्येय अंशतः साध्य झाले.’ पेशंट कोणताही असो, आजार कोणताही असो. यात आळसाचा भाग थोडा. खरी अडचण वरच्या रकान्यात असते. ‘पेशंटला आराम मिळेल’, ‘त्वचेची स्थिती सुधारेल’ अशी ध्येयं पूर्ण झाली की नाहीत हे कुणालाच सांगता येत नाही. न ड्युटीवर आलेल्या पुढच्या सिस्टरला, न स्वतः पेशंटला. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा ध्येयाला दिली आहे आणि बाकीच्या पायऱ्या त्याला धरून आहेत.

उदाहरणासाठी एकच पेशंट घेऊ. ७० वर्षांच्या आजी, वजन ५२ किलो. बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. परवा हेमिआर्थ्रोप्लास्टी झाली, म्हणजे मांडीच्या हाडाचा मोडलेला गोळा काढून कृत्रिम गोळा बसवला. काल सकाळी सलाईन आणि कॅथेटर दोन्ही काढले. आज फिजिओथेरपिस्ट त्यांना वॉकर घेऊन उभं करणार आहेत.

पहिली पायरी: कागद बाजूला ठेवून पेशंटजवळ जा

केस पेपर वाचून केअर प्लॅन लिहिता येतो, पण तो केस पेपरचा प्लॅन होतो. पेशंटजवळ वीस मिनिटं द्या आणि दोन प्रकारची माहिती वेगवेगळी टिपा: पेशंट काय सांगतो, आणि तुम्हाला काय दिसतं, काय मोजता येतं.

पेशंटचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहा. ‘हलवलं की जीव जातो’ हे ‘पेनफुल’ या एका शब्दापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण दुखणं हालचालीशी जोडलेलं आहे हे त्यातून कळतं. वेदना नेहमी दोनदा विचारा, पडून असताना आणि हलताना. आजी पडून असताना १० पैकी ३ सांगतात, कूस बदलताना ७. फक्त पडून असतानाचा आकडा घेतला तर ‘वेदना आटोक्यात’ अशी नोंद होते आणि दुपारी फिजिओ आल्यावर आजी उभ्या राहायला नकार देतात. आकड्यांत सांगणं जमत नसेल तर ‘नाही, थोडं, बरंच, सहन होत नाही’ असं विचारा. मात्र जे मापन पहिल्या दिवशी धरलं तेच शेवटपर्यंत वापरा, नाहीतर कालची आणि आजची तुलनाच होत नाही.

आता बघणं आणि मोजणं. चादर काढून माकडहाड आणि दोन्ही टाचा बघा. लाली दिसली तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर दाब नुकताच आलेला आहे. लाली तशीच राहिली तर ती प्रेशर इन्ज्युरीची, म्हणजे सतत दाब पडून त्वचेला होणाऱ्या इजेची, पहिली अवस्था. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताने चाचपा. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा जागा गरम, थंड, टणक किंवा पिलपिलीत लागते का, पेशंटला तिथे दुखतं का, हे पाहा. पायाची बोटं हलतात का, पाऊल वर उचलता येतं का, नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो का, हेही लगेच तपासून घ्या.

ब्रॅडन स्केल, म्हणजे अशा इजेचा धोका गुणांत मोजायचं मापन, भरताना अंदाजाने एकूण गुण लिहू नका. सहा घटकांचे गुण वेगवेगळे मांडा. आजींचे असे येतात: संवेदना ४, ओलावा ३, वावर १, अंथरुणातली हालचाल २, आहार २, घर्षण २. एकूण १४. सर्वसाधारणपणे १८ किंवा कमी गुण म्हणजे धोका, आणि १३-१४ म्हणजे मध्यम धोका. पण प्लॅनसाठी बेरजेपेक्षा कुठे गुण कमी पडले हे महत्त्वाचं, कारण काम तिथेच करायचं असतं.

आता इनटेक-आउटपुट चार्ट. सलाईन काढल्यापासूनच्या २४ तासांत आजींच्या पोटात ७०० मिली पाणी-चहा गेला, लघवी ४५० मिली झाली, गडद पिवळी. लघवीचा किमान हिशोब दर किलोमागे तासाला ०.५ मिली. ५२ किलोला तासाला २६, म्हणजे २४ तासांत ६२४ मिली. आजी त्याच्या खाली आहेत. ही गोष्ट केअर प्लॅनमध्ये लिहायच्या आधी डॉक्टरांना कळवायची. ओटीपोट फुगलेलं लागतं का, म्हणजे लघवी तुंबली आहे का, हे तपासून कळवायचं. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक चालू असेल तर तेही सांगायचं, कारण शरीरात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाला जड जातं.

मग शेजारी बसून विचारा, पाणी का कमी पिता? हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: ‘पाणी प्यायलं की लघवीला लागतं, आणि भांडं मागायची लाज वाटते. मावशी एकटी, किती वेळा हाक मारायची.’ कितीतरी वयस्कर बायका वॉर्डात तहान मारून पडून असतात. हे उत्तर मिळालं नाही तर पुढचा सगळा प्लॅन चुकीच्या कारणावर उभा राहतो.

शेवटी दोन गोष्टी: पडण्याआधी पेशंट काय काय स्वतः करत होता, आणि आता त्याला सर्वांत आधी काय करता यायला हवंय. आजी काठीशिवाय घरात वावरत होत्या. त्यांना हवंय ते एवढंच: ‘संडासला माझी मी जाईन असं करा.’ हे वाक्य लिहून ठेवा. आजींचं दूरचं ध्येय त्यांनीच सांगून टाकलं आहे.

दुसरी पायरी: समस्या मांडा

‘फीमर फ्रॅक्चर’ (मांडीचं हाड मोडणं) हे वैद्यकीय निदान. त्यावर इलाज सर्जन करतात. नर्सिंग डायग्नोसिसमध्ये त्या आजारामुळे पेशंटच्या जगण्यात काय अडलं आहे ते येतं, आणि त्यावर सिस्टर काम करू शकते. वाक्याचे तीन भाग: समस्या, तिचं कारण, आणि पुरावा. अमेरिकेत १९७३ साली सेंट लुइसला झालेल्या परिषदेपासून अशा निदानांची यादी बनत गेली, तीच आज नांदा (NANDA) या संस्थेची यादी म्हणून आपण वापरतो. यादी हाताशी असू द्या, पण आधी यादीतलं नाव निवडून मग त्याला साजेशी लक्षणं शोधू नका.

नवखे चुकतात ते कारणाच्या भागात. ‘द्रवाची कमतरता, शस्त्रक्रियेमुळे’ असं लिहिलं तर झालेली शस्त्रक्रिया तुम्ही बदलू शकत नाही, म्हणजे पुढे करायला काही उरत नाही. त्याऐवजी: ‘द्रवाची कमतरता, बेडपॅन मागण्याच्या संकोचामुळे पाणी टाळणं हे कारण, पुरावा: २४ तासांत सेवन ७०० मिली, लघवी ४५० मिली, गडद रंग, कोरडी जीभ.’ आता काय करायचं ते वाक्यातच दिसतं. समस्या अजून झालेली नाही, फक्त धोका आहे, अशा वेळी पुराव्याच्या जागी धोक्याची कारणं येतात. आजी पडण्याचा धोका हा असा. आजींच्या माकडहाडावर दिसलेली, दाबल्यावर न विरणारी लाली मात्र ‘धोका’ नाही, ती झालेली इजा आहे. तिला धोका म्हणून लिहिणं ही गंभीर चूक.

आजींच्या चार समस्या धरू: हालचालीच्या वेळची वेदना, द्रवाची कमतरता, माकडहाडावरची पहिल्या अवस्थेची इजा, चालता न येणं. एका वेळी तीन-चार पुरे. परीक्षेसाठी दहा लिहाव्या लागतील, वॉर्डात दहा कुणी वाचत नाही.

प्राधान्य लावताना श्वास आणि रक्ताभिसरण आधी, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतरचा नियम कमी सांगितला जातो: जी समस्या बाकीच्यांना अडवून धरते ती वर. इथे ती वेदना. ती कमी झाली नाही तर आजी कूस बदलणार नाहीत, भांड्यावर बसणार नाहीत, म्हणून पाणी पिणार नाहीत, आणि चालणार तर नाहीतच. आणखी एक: अशा पेशंटला अचानक धाप लागली, छातीत दुखलं, ऑक्सिजन घसरला, किंवा पोटरी सुजून गरम झाली, तर तो प्लॅनचा विषय नाही, ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचा विषय आहे.

तिसरी पायरी: ध्येय

ध्येयाच्या वाक्यात पाच गोष्टी असाव्यात. कर्ता पेशंट असावा. क्रियापद दिसणारं असावं. माप असावं. कोणत्या मदतीने, हे असावं. आणि तारीख-वेळ असावी. एक गाळली तरी वाक्य सैल पडतं.

कर्ता तपासणं सर्वांत सोपं, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच. ‘पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलणे’ हे ध्येय नाही, ते तुमचं काम आहे. कूस दर दोन तासांनी बदलली आणि लाली तरी वाढली तर? काम झालं, ध्येय नाही. ध्येय असं: ‘शुक्रवारी सकाळी ८ पर्यंत माकडहाडावरची लाली दाबल्यावर विरेल, त्वचा फाटलेली नसेल, टाचांवर नवी लाली नसेल.’ इथे आजी काही करत नाहीत, पण बदल त्यांच्या शरीरावर मोजला जातो. तेवढं चालतं.

क्रियापदात ‘समजेल’, ‘जाणवेल’, ‘सुधारेल’, ‘बरं वाटेल’ हे शब्द टाळा. ‘सांगेल’, ‘करून दाखवेल’, ‘चालेल’, ‘पिईल’ हे वापरा. शिकवण्याच्या ध्येयात हा फरक फार पडतो. मधुमेहाच्या पेशंटसाठी ‘हायपोग्लायसेमियाबद्दल माहिती होईल’ असं लिहिण्याऐवजी: ‘डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पेशंट साखर उतरल्याची तीन लक्षणं स्वतः सांगेल, आणि ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे सांगेल.’ पेशंटने मान डोलावली म्हणजे समजलं असं नव्हे. डॉक्टर-सिस्टरसमोर आपल्याकडे सगळेच मान डोलावतात.

माप कुठून आणायचं? आजच्या आकड्यापासून. वेदना ७ असताना ‘उद्यापर्यंत ०’ लिहिलं तर ते पाळता येणार नाही. पेशंटलाच विचारा, ‘किती दुखणं असेल तर तुम्ही उभं राहू शकाल?’ आजी म्हणतात, चारापर्यंत. मग ध्येय: ‘आज दुपारी ४ वाजता वॉकर घेऊन उभं राहताना वेदना ४ किंवा त्याहून कमी सांगतील.’ हा आकडा आजींचा आहे, म्हणून त्या तो धरून बसतात.

पाण्यासाठी: ‘उद्या सकाळी ८ पर्यंतच्या २४ तासांत १५०० मिली तोंडाने घेतील, लघवी किमान ६५० मिली, रंग फिका.’ १५०० हा आकडा हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या पेशंटचा. तो असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून घ्यायची.

चालण्यासाठी दोन ध्येयं, जवळचं आणि दूरचं. दूरचं आजींनीच सांगितलेलं, फक्त मोजता येईल असं केलेलं: ‘डिस्चार्जच्या दिवशी वॉकर घेऊन, कुणी हात न धरता, खाटेपासून संडासपर्यंत १० मीटर जाऊन कमोडवर बसतील आणि उठतील.’ जवळचं: ‘उद्या सकाळी ११ पर्यंत एकाच्या आधाराने वॉकर घेऊन ३ मीटर चालतील.’ जवळचं ध्येय दूरच्याच्या वाटेवरचं असलं पाहिजे. पुष्कळ प्लॅनमध्ये दोन्ही ध्येयं वेगवेगळ्या दिशांना जातात.

आणि जे तुमच्या हातात नाही ते ध्येय म्हणून लिहू नका. ‘हिमोग्लोबिन १० होईल’ हे रक्त देण्यावर, औषधांवर अवलंबून आहे. तिथे तुमचं काम लक्ष ठेवणं, लक्षणं ओळखणं, वेळेवर कळवणं. ते कामांच्या रकान्यात लिहा.

चौथी पायरी: कामं

प्रत्येक कामात कोण, कधी, किती, कसं. ‘भरपूर पाणी देणे’ या ओळीवर रात्रपाळीची सिस्टर काय करणार? १५०० मिली वाटून द्या: सकाळपाळीत ७००, संध्याकाळपाळीत ६००, रात्री २००. रात्री आठनंतर कमी, म्हणजे झोपमोड होत नाही. २०० मिलीचा एक पेला ठरवा, नातेवाइकांना प्रत्येक पेल्याला कागदावर एक रेघ मारायला सांगा. पण हे सगळं दुसऱ्या निम्म्याशिवाय फुकट जाईल: जागेपणी दर तीन तासांनी, आजींनी मागण्याची वाट न बघता, पडदा ओढून बेडपॅन द्यायचा. खुब्याच्या पेशंटला चपटा बेडपॅन, तो शाबूत पायाच्या बाजूने सरकवायचा. मावशींना या वेळा तोंडी सांगा, कागदावर लिहून त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

वेदनेसाठी: ऑर्डरमधली तोंडाने घ्यायची गोळी व्यायामाच्या ४५ मिनिटं ते तासभर आधी द्या. साडेतीनला फिजिओ येत असतील तर पावणेतीनला. ‘दुखलं तर द्या’ अशी ऑर्डर असली की आजी मागत नाहीत, म्हणून ठरावीक वेळेची ऑर्डर डॉक्टरांकडून मागून घ्या. पॅरासिटामॉलचा डोस ५० किलोच्या आसपासच्या वयस्कर पेशंटला कमी लागू शकतो, विचारून घ्या. ट्रॅमाडॉल हे जास्त तीव्र वेदनाशामक चालू असेल तर मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ या तिन्हींची नोंद ठेवा. तीन दिवस शौचाला झालं नाही तर कळवा.

त्वचेसाठी दर दोन तासांनी कूस, ३० अंश कलती, पाठीमागे उशी. पूर्ण ९० अंशात वळवलं तर खुब्याच्या हाडावर दाब येतो. ऑपरेशनच्या बाजूवर वळवायचं की नाही ते सर्जनच्या ऑर्डरप्रमाणे. वळवताना दोन पायांमध्ये उशी हवीच, कारण ऑपरेशन झालेला पाय मधल्या रेषेच्या पलीकडे गेला तर गोळा निखळू शकतो. टाचा उचललेल्या राहतील अशी उशी पोटरीखाली लांब लावा, गुडघ्यामागच्या खोलगट भागावर दाब नको. डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा वर नको, अंग घसरतं आणि त्वचा आतून फाटते.

तीन सवयी वॉर्डात अजून दिसतात आणि त्या थांबल्या पाहिजेत. माकडहाडाखाली हवेची गोल रिंग ठेवणं: रिंगच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो. टाचांखाली पाणी भरलेले ग्लोव्ह्ज: दाब कमी होत नाही, फक्त काही केल्यासारखं दिसतं. आणि लाल जागेवर तेल-पावडर लावून चोळणं: आधीच दुखावलेल्या ऊतींना त्याने आणखी इजा होते.

पाचवी पायरी: मूल्यमापन

ठरलेल्या वेळी जाऊन ध्येयाचं वाक्य वाचायचं आणि त्याच मापाने मोजायचं. साध्य, अंशतः साध्य, असाध्य, यापैकी एक, आणि पुढे आकडा. आकडा नसलेलं मूल्यमापन ग्राह्य धरू नका.

धरून चला, दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला आजी तीन मीटर चालल्या नाहीत. उभ्या राहिल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, बसल्या. वेदना मात्र ३ होती. इथे ‘असाध्य, प्लॅन चालू ठेवणे’ लिहून पुढे जाणं सोपं आहे. पण कारण शोधायचं असतं, आणि कारणं चारच असतात: ध्येय झेपण्यापलीकडचं होतं, कामं प्रत्यक्षात झाली नाहीत, समस्येचं कारण चुकीचं ओळखलं, किंवा नवीन काही उपटलं.

आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी घेतला: १२८/७८ वरून १०४/६६. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला की ते उभं राहताना बीपी पडणं. चार्ट पाहिला तर रात्रीपर्यंत १३०० मिली लिहिलंय, पण कागदावर रेघा चारच, म्हणजे ८०० मिली. पाण्याचं काम झालंच नव्हतं, आकडा अंदाजाने भरला होता. चालण्याचं ध्येय पाण्याच्या ध्येयामुळे अडलं. डॉक्टरांना बीपीचे दोन्ही आकडे, हिमोग्लोबिन आणि बीपीची गोळी चालू आहे का, हे सांगायचं. प्लॅनमध्ये बदल: आधी खाटेच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसणं, बीपी, मग उभं राहणं. तीन मीटरचं ध्येय २४ तास पुढे, नव्या तारखेने. जुनं वाक्य खोडू नका, त्याखाली नवं लिहून सही करा.

हँडओव्हर आणि डिस्चार्ज

एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असतील तर पानभर प्लॅन कुणी वाचणार नाही. हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, जास्त काळजी लागणाऱ्या प्रत्येक पेशंटमागे तीन ओळी द्या: आजचं ध्येय, आत्ताचा आकडा, पुढच्या पाळीत काय करायचं. ‘आजी, पाणी १५०० पैकी ९०० झालं, तुमच्या पाळीत ६००, सहा आणि नऊला बेडपॅन.’ एवढं सांगायला दहा सेकंद लागतात.

डिस्चार्जचा प्लॅन ऑपरेशननंतर लगेच सुरू करा, कारण घराची तयारी व्हायला वेळ लागतो. घरात संडास भारतीय आहे की कमोड? झोपणं गादी जमिनीवर घालून की खाटेवर? जेवायला पाटावर बसतात का? सर्जन परवानगी देईपर्यंत मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाय दुमडून खाली बसणं बंद; खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकता कामा नये. म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली राहील एवढी उंच खुर्ची, उंच खाट, आणि भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची. हे आणायला घरच्यांना दोन-तीन दिवस द्या.

शेवटचं ध्येय पेशंटसोबत घरी सांभाळणाऱ्याचंही असतं, आणि तेही तसंच लिहायचं: ‘डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सून आजींना खाटेवरून उठवून कमोड खुर्चीवर बसवून दाखवेल, पायांमध्ये उशी लावून कूस बदलून दाखवेल, आणि लगेच दवाखान्यात आणायच्या चार खुणा सांगेल: जखमेतून स्राव किंवा ताप, पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसणं, पोटरीची सूज, धाप.’ सुनेने हे वॉर्डात एकदा तुमच्यासमोर केलं, की मगच डिस्चार्ज कार्डावर ‘शिकवले’ अशी खूण करा.